ड्रायर घेताना घरचा प्लगही बघा

हेअर ड्रायर घ्यायला गेले की 'किती वॅटचा दाखवू?' हा प्रश्न आधी येतो. केसांचे नुकसान मात्र वॅटपेक्षा केसांपर्यंत पोहोचणाऱ्या उष्णतेवर ठरते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरल्यावर तापमान ९५ अंश सेल्सिअस झाले, १५ सेंटिमीटरवर ४७ अंश. उष्णतेने केसांचा पृष्ठभाग खराब होतो. पण आपोआप वाळू दिलेल्या, बराच वेळ ओल्या राहिलेल्या केसांच्या आतल्या थरातही बिघाड दिसला. १५ सेंटिमीटरवरून, सतत हलवत ड्रायर वापरणे त्यापेक्षा बरे, असा निष्कर्ष निघाला.

त्यामुळे उष्णता आणि वाऱ्याचा वेग वेगवेगळा बदलता येणारा, थंड हवेचे बटण असलेला ड्रायर निवडावा. 'आयोनिक'साठी जादा पैसे मोजण्याआधी ही सोय बघावी. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना कमी उष्णता पुरते, दाट केसांना वाऱ्याचा जोर लागतो. कुरळ्या केसांसाठी डिफ्यूझर हवाच.

राहिला प्लग. घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच भार पेलतो. १,८०० वॅटच्या ड्रायरला सुमारे ८ अँपिअर लागतात. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. तसा पॉइंट अनेकदा बाथरूममध्ये गीझरसाठीच असतो, आणि ओल्या बाथरूममध्ये ड्रायर लावणे जिवावर बेतू शकते. अशा घरात १,००० ते १,२०० वॅटचा ड्रायर घ्यावा. केस वाळायला थोडा वेळ जास्त लागेल, इतकेच.