फॉर्म 'सबमिट' झाला, पण माहिती पोहोचलीच नाही. वेबसाइटच्या 'रिडायरेक्ट'मध्ये नेमके काय हरवते?

प्रवेश अर्जाची शेवटची तारीख. नाव, जन्मतारीख, गुण, जात प्रमाणपत्राचा क्रमांक असे वीस-पंचवीस रकाने भरून झाले. 'सबमिट' दाबले. पान क्षणभर फिरले आणि पुन्हा तोच कोरा फॉर्म समोर! चूक दाखवणारा संदेश नाही, अर्ज क्रमांक नाही, काहीच नाही. अशा वेळी घरात नेटवर्कला शिव्या पडतात आणि सायबर कॅफेवाला 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात अनेकदा नेटवर्क ठणठणीत असते आणि सर्व्हरही सुरू असतो. माहिती गळते ती वाटेतल्या एका वळणावर. या वळणाला तंत्रज्ञ 'रिडायरेक्ट' म्हणतात.

रिडायरेक्ट म्हणजे काय?

ब्राउझर सर्व्हरशी मुख्यतः दोन पद्धतींनी बोलतो. 'गेट' म्हणजे 'मला हे पान दे'. 'पोस्ट' म्हणजे 'ही माहिती घे'. फॉर्म भरल्यावर सहसा पोस्ट विनंती जाते आणि भरलेले सगळे रकाने तिच्यासोबत पाकिटासारखे जातात.

त्या पत्त्यावर आता काही नसेल, तर सर्व्हर तीनने सुरू होणारा एक क्रमांक आणि नवा पत्ता परत पाठवतो. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. सर्व्हर ते पाकीट स्वतः पुढे पाठवत नाही. तो फक्त 'तिकडे जा' असे सांगतो. नवी विनंती ब्राउझरलाच करावी लागते. सरकारी कार्यालयात एका खिडकीवर अर्ज दिला आणि कारकुनाने 'चार नंबरला जा' म्हटले, तर आपण अर्ज हातात घेऊनच पुढे जातो. ब्राउझर मात्र बऱ्याचदा रिकाम्या हाताने चार नंबरवर जातो आणि विचारतो, 'फॉर्म आहे का?' तिथून त्याला नवा कोरा फॉर्म मिळतो. तोच आपल्याला स्क्रीनवर दिसतो.

ब्राउझर असे का वागतो?

याचे उत्तर जवळपास तीस वर्षे जुने आहे. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० या नियमावलीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, ३०२ म्हणजे तात्पुरता बदलला, असे त्यात होते. काही ब्राउझर अशा वळणावर पोस्टचे चुकून गेट करतात, अशी नोंदही त्यात होती. म्हणजे चूक तेव्हाच माहीत होती. पण तोवर असंख्य वेबसाइट त्या चुकीवरच विसंबून उभ्या राहिल्या होत्या. ब्राउझर सुधारले असते तर त्या साइट मोडल्या असत्या.

मग चूक सुधारण्याऐवजी नवे क्रमांक आले. १९९७ मध्ये ३०३ आला, 'माहिती मिळाली, आता निकालाचे पान गेटने मागून घे' असे स्पष्ट सांगणारा. १९९९ मध्ये ३०७ आला. तो ३०२ सारखाच तात्पुरता, पण पद्धत आणि पाकीट दोन्ही जसेच्या तसे पुढे न्या असे बजावणारा. कायमच्या बदलासाठी असाच क्रमांक यायला २०१४ उजाडले. तो ३०८. आधी प्रायोगिक असलेल्या या क्रमांकाला एप्रिल २०१५ मध्ये मानकाच्या वाटेवर स्थान मिळाले. दरम्यान, २०१४ च्या नियमावलीने ३०१ आणि ३०२ वर पोस्टचे गेट करायला 'ऐतिहासिक कारणास्तव' परवानगीच देऊन टाकली. चूक इतकी रुळली की शेवटी तिचाच नियम झाला!

हे कुठे घडते?

सर्वाधिक वेळा घडते ते साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेल्यानंतर. सर्व्हरवर 'सगळे नव्या पत्त्यावर पाठवा' अशी ३०१ ची एक ओळ लिहिली जाते. पाने व्यवस्थित उघडतात, सगळे खूश. पण फॉर्मच्या आत माहिती पाठवण्याचा पत्ता जुनाच राहिलेला असतो. पत्त्यात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असणे-नसणे, हे दुसरे नेहमीचे कारण.

तिसरे कारण भल्याभल्यांना चकवते: पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ. अपाचे सर्व्हर फोल्डरच्या पत्त्याला शेवटी रेघ नसेल तर ती लावून ३०१ ने वळवतो, आणि त्या एका रेघेपायी अख्खा अर्ज जातो. जँगो या पायथॉनवरील चौकटीत रेघ आपोआप जोडण्याची सोय आहे. मात्र विकासाच्या टप्प्यात अशी पोस्ट विनंती आली तर जँगो थेट चूक दाखवून थांबतो. हा शहाणपणा इतरांनीही उचलायला हरकत नव्हती.

दोष शोधायचा कसा?

संगणकावर ब्राउझरची डेव्हलपर साधने उघडून 'नेटवर्क' भागात जायचे आणि पान बदलले तरी नोंदी टिकवून ठेवण्याचा पर्याय आधी सुरू करायचा. तो बंद असेल तर नेमकी हवी ती ओळ पुसली जाते. मग फॉर्म पाठवायचा. पहिल्या ओळीत पोस्ट आणि ३०१ किंवा ३०२, लगेच खालच्या ओळीत गेट आणि २०० दिसले, तर चोर सापडला. २०० म्हणजे 'सर्व ठीक'. म्हणूनच देखरेखीच्या यंत्रणेला यात काही वावगे दिसत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीतही हीच जोडी दिसते.

कमांड लाइनवर तपासताना 'कर्ल' वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. विनंतीची पद्धत जबरदस्तीने ठरवणारा 'एक्स' हा पर्याय वळणानंतरही तीच पद्धत लादतो. त्यामुळे ब्राउझरमध्ये प्रत्यक्षात जे घडते, ते चाचणीत दिसतच नाही.

मग सगळीकडे ३०८ लावला की झाले?

नाही. पहिली दुरुस्ती फॉर्ममध्येच करायला हवी: माहिती थेट अंतिम पत्त्यावर जाईल असे बघायचे. कारण जुन्या एचटीटीपी पत्त्यावर गेलेली पहिली विनंती उघडीच जाते. पुढचे वळण कितीही सुरक्षित असले, तरी पासवर्ड तोवर वाटेत वाचता येण्याजोगा झालेला असतो. जुने दुवे, जुनी अॅप यांच्यासाठी त्यानंतर ३०८ ठेवावा. इंजिनएक्स सर्व्हरमध्ये २०१७ च्या १.१३.० आवृत्तीपासून तो थेट वापरता येतो. बदल तपासताना इन्कॉग्निटो खिडकी वापरावी. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवू शकतो, त्यामुळे सर्व्हरवर दुरुस्ती होऊनही जुनेच वळण दिसत राहते.

पाकीट पुढे नेणे काही ठिकाणी धोक्याचेही ठरते. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'ओऑथ' या लॉगिन पद्धतीचा अभ्यास करताना हे दाखवून दिले. एका साइटवर पासवर्ड टाकल्यानंतर वापरकर्त्याला ३०७ ने दुसऱ्या साइटवर वळवले, तर तो पासवर्डही ब्राउझर तिकडे पोहोचवतो. तिथे ३०३ च हवा. अर्ज किंवा पैसे स्वीकारल्यानंतर पोचपावतीच्या पानावर नेतानाही ३०३ च योग्य, म्हणजे पान रिफ्रेश केल्यावर तोच अर्ज पुन्हा जात नाही.

आणखी एक प्रकार वरून अगदी असाच दिसतो. अर्ज भरायला वेळ लागला, लॉगिनची मुदत संपली आणि सबमिट करताच सर्व्हरने ३०२ ने लॉगिनच्या पानावर नेले. इथे ३०८ लावला तर आख्खा अर्ज लॉगिनच्या पानावर जाऊन आदळेल. अर्ज टप्प्याटप्प्याने जतन करणे आणि मुदत संपण्याआधी इशारा देणे, हाच इथला इलाज. लांबलचक अर्ज एकाच पानावर ठेवून मुदत अवघी काही मिनिटांची देणाऱ्या साइटना त्याचा कंटाळा का, हे मात्र कोडेच आहे.

अर्जदाराने काय करावे?

कोरा फॉर्म समोर आला तर घाईने पुन्हा भरायला घेऊ नये. आधी एकदा 'बॅक' दाबून बघावे, अनेकदा भरलेली माहिती तिथे शिल्लक असते. जोडलेल्या फाइल मात्र पुन्हा निवडाव्या लागू शकतात. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो का ते तपासून, अधिकृत मुखपृष्ठावरूनच फॉर्मवर जावे. व्हॉट्सअॅपवर फिरणारा जुना दुवा वापरू नये. शुल्क भरले असेल तर बँक खात्यातील नोंद बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आणि मदत केंद्राला कळवताना नुसते 'फॉर्म जात नाही' असे न लिहिता वेळ, ब्राउझरचे नाव आणि सबमिटच्या आधीचा व नंतरचा पत्ता दिसेल असे दोन स्क्रीनशॉट जोडावेत. या दोन पत्त्यांमधला फरक बघूनच तंत्रज्ञाला वळण कुठे आहे ते लवकर कळते.