सुरांची पिढीजात निवड
निसर्गातील उत्क्रांतीचे तत्त्व वापरून संगणकाकडून संगीत रचून घेण्याच्या प्रयोगांत ‘जेनजॅम’ ही प्रणाली विशेष महत्त्वाची असून, अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक आणि ट्रम्पेटवादक जॉन बाइल्स यांनी तिच्यावरील शोधनिबंध १९९४ साली मांडला. जॅझमध्ये आयत्या वेळी सुचणाऱ्या वादनाचा चार मात्रांचा प्रत्येक तुकडा येथे आठ आकड्यांत साठवला जातो. शून्य म्हणजे विराम, पंधरा म्हणजे आधीचा स्वर लांबवणे, आणि मधले आकडे म्हणजे त्या क्षणीच्या स्वरमेळाशी जुळणारे स्वर. रुचलेले तुकडे टिकतात, त्यांचा संकर होतो, आणि आकडे उलट क्रमाने लावण्यासारखे फेरफार, म्हणजेच उत्परिवर्तने, घडून पुढची पिढी जन्मते. खरी अडचण निवडीचीच आहे, कारण सौंदर्य मोजणारे सूत्र कोणापाशीच नसल्याने माणसाला प्रत्येक तुकडा ऐकत चांगल्या-वाईटाची कळ दाबावी लागते, आणि कान लवकर थकतात. पुढे बाइल्स यांनी ही पारख वगळणारी आवृत्ती घडवली. मात्र तिची पहिली पिढी त्यांनी मानवी वादकांच्या ठेवणीतल्या स्वरावलींतूनच घेतली.