इन्फ्लेमेबल: पेटणारं की न पेटणारं?

बोरघाटात वाहतूक तुंबली, की पुढच्या टँकरच्या पाठीवरची लाल अक्षरं वाचायला वेळच वेळ मिळतो: ‘हायली इन्फ्लेमेबल’. म्हणजे चटकन पेट घेणारं. पण ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारं आणि ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारं, हे शाळेत शिकलेला माणूस इथे ‘न पेटणारं’ असा अर्थ सहज लावेल. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही यात फसत आले आहेत.

घोळ लॅटिनमधला. तिथे ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, आपल्या ‘अज्ञात’, ‘अनंत’मधल्या ‘अ’, ‘अन्’चा भाऊबंद. दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेमेबल’ आला पेटवणे या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या क्रियापदावरून, आणि त्यात हा दुसरा ‘इन’ आहे. डॉक्टर दाहाला ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तेही याच घरातलं. ‘फ्लेमेबल’चा अर्थ अगदी तोच. म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लेमेबल’च लिहा असा आग्रह धरला. ब्रिटनच्या मानक संस्थेनेही १९५९ मध्ये तेच सुचवलं. आपला ‘ज्वालाग्राही’ मला या दोघांहून भरवशाचा वाटतो. त्यातून उलटा अर्थ निघतच नाही.

शब्दाने आग लागते, हे बेंजामिन ली व्होर्फ यांनी जवळून पाहिलं होतं. मोठे भाषाभ्यासक म्हणून ते ओळखले जातात, पण नोकरी केली ती हार्टफर्डच्या आगविमा कंपनीत, आगी का लागतात ते तपासण्याची. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वावरत. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र बिनधास्त सिगारेट ओढत, थोटकं तिथेच टाकत. खरा धोका तिथेच होता. पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली, की एक ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या पिंपात वाफेला जागाच कमी. रिकाम्यात तळाशी उरलेल्या चार थेंबांची वाफ हवेत मिसळून बसलेली असते.

मराठीतला ‘रिकामा’ही तितकाच फसवा. पाण्यासाठी कापायला आणलेलं जुनं पिंप गॅरेजवाला गॅसकटरपुढे धरतो, तेव्हा ते ‘रिकामंच’ असतं. ते आधी नीट धुऊन आतली वाफ घालवावी लागते. पेट्रोल ओतून परतणाऱ्या, आतून न धुतलेल्या टँकरवरही म्हणूनच ती लाल पाटी आणि पेट्रोलचा १२०३ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक तसाच राहू द्यायचा असतो.