बिल अडकलं, गाडी थांबली

दहा कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्यांनी ई-इनव्हॉइस तीस दिवसांत जीएसटीच्या इनव्हॉइस नोंदणी पोर्टलवर नोंदवायचं, हा नियम १ एप्रिल २०२५पासून लागू आहे. त्यावर करसल्लागार भरपूर बोलले. बजाजनगरभोवतीच्या वाळूज एमआयडीसीत मात्र हा प्रश्न कराइतकाच संगणकाचाही आहे. १९८५ साली इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुट्या भागांचे पुरवठादार वाढत गेले. माल रात्रपाळीतही निघतो आणि बिल नोंदलं नाही तर गाडी थांबते, पण तेव्हा अकाउंट्सचा माणूस घरी झोपलेला असतो. बिल पोर्टलवर पाठवणारा प्रोग्रॅम त्याच्या लॉगिनवर अवलंबून ठेवणं मला धोक्याचं वाटतं. लॉगआउट झालं की काम बंद.

हे काम सर्व्हिस म्हणूनच, म्हणजे कुणी लॉगिन केलेलं नसतानाही मागे चालू राहील असं, चालवायला हवं. लिनक्सवर अशा सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या छोट्या फाइलमध्ये प्रोग्रॅम कुठला, तो कोणत्या युजरच्या नावाने चालेल आणि बंद पडला तर पुन्हा कधी सुरू होईल, हे लिहिता येतं. युजर वेगळा आणि कमी अधिकारांचा ठेवावा. सर्व्हिस ‘एनेबल’ केली की वीज जाऊन आल्यावर, सर्व्हर चालू होताच तीही आपोआप उठते. एक मेख आहे: दहा सेकंदांत पाचदा सुरू होऊन पडली, तर सिस्टमडी मूळ सेटिंगनुसार नाद सोडून देतं. म्हणून दोन प्रयत्नांत निदान तीस सेकंदांचं अंतर ठेवावं.

खरी कसोटी नेट मध्येच तुटल्यावर लागते. बिल गेलं, उत्तर आलं नाही. नोंद झाली की नाही? इथे आयआरएनची, म्हणजे बिलाच्या इनव्हॉइस रेफरन्स नंबरची, रचना मला फार आवडते. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षरांचा आयआरएन तयार होतो. तेच बिल पुन्हा पाठवलं तरी आयआरएन तोच येतो आणि पोर्टल दुसरी नोंद नाकारतं. त्यामुळे प्रोग्रॅमने बिनधास्त पुन्हा पाठवावं. ‘डुप्लिकेट’ असं उत्तर आलं तर ते अपयश समजू नये. आधीची नोंद पोर्टलकडून मागवून घ्यावी. आणि उत्तर डेटाबेसमध्ये पक्कं लिहिल्याशिवाय बिल पाठवायच्या बिलांच्या रांगेतून काढू नये.

पण ग्राहकाचा जीएसटी क्रमांकच चुकला असेल, तर हजारदा पाठवूनही उपयोग नाही. असं बिल बाजूला काढून माणसाला लगेच कळवायला हवं. तीस दिवस हातातून जातात ते अशाच बिलांमुळे. सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह’ दिसत असते, लॉगमध्ये तीच चूक उमटत राहते आणि लॉग उघडणारं कुणी नसतं. म्हणून सर्व्हिस चालू आहे का, एवढंच पाहून भागत नाही. रांगेतलं सर्वांत जुनं बिल किती वेळ पडून आहे, ते मोजावं. तासाभराहून जास्त झालं, की मेसेज थेट मालकाच्या मोबाइलवर जावा.