रीफ टाकीचा धंदा सुरू करताय? कोटेशन देण्याआधी हे वाचा



रीफ टाकीचा व्हिडिओ आल्यापासून दुकानात लोक एकच प्रश्न घेऊन येतायत. "सर, गोड्या पाण्याच्या माशांत आता काही सुटत नाही. समुद्री टाकीत मार्जिन आहे म्हणे, सुरू करू का?"

मार्जिन आहे, खोटं कशाला बोलू. गप्पी आणि गोल्डफिश विकून दिवसाला जे सुटतं, ते एका समुद्री टाकीच्या ऑर्डरमध्ये सुटू शकतं, कित्येक पटीनं. पण ते मार्जिन नेमकं कशाचं असतं, हे मला बीबीएच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. ते मला एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये कळलं, आणि त्याची फी मी भरली सव्वीस हजार रुपये. व्हिडिओत हा किस्सा दोन मिनिटांत उरकला होता. इथे सविस्तर सांगतो.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं कोल्हापुरातलं दुकान तोपर्यंत पूर्ण गोड्या पाण्याचं होतं. डॉक्टरांचं नवीन क्लिनिक, उद्घाटन गुढीपाडव्याला. वेटिंग रूममध्ये मुलांना बघायला "तो पिक्चरमधला नारंगी मासा" पाहिजे. होळीला ऑर्डर मिळाली, म्हणजे हातात दिवस पंधरा. टाकी छोटीच, दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ १२७ लिटर, दगड-वाळू वजा जाता ११० लिटरच्या आसपास पाणी.

पंधरा दिवसांत समुद्री टाकी तयार होत नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी हो म्हणालो, कारण ॲडव्हान्स हातात आला होता. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. दगडावर वाढणारे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ही फौज उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्यात थोडी घाई कधीकधी खपून जाते. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी. पाडव्याला सहा मासे सोडले. फोटो झाले, पेढे झाले. पाचव्या दिवशी सगळे सहा मासे गेले, आणि ते आधी दिसले दात दाखवायला आलेल्या एका पोराला.

डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "घाई माझीच होती, आता वेळ घ्या." घेतला. मेच्या मध्यापर्यंत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग एक क्लाउनफिशची जोडी आणि थोडे सॉफ्ट कोरल सोडले: झोअँथिड, मशरूम, झेनिया. रीफमधले हे सगळ्यात सोशिक जीव. दहा दिवसांत झेनिया विरघळला, झोअँथिड मिटून बसले ते उघडेचनात.

मी दर दोन दिवसांनी जात होतो. क्षारता ३५, तापमान २७, अल्कलिनिटी ८.५. सगळे आकडे पुस्तकातल्यासारखे. सॉल्ट बदललं, लाइट कमी केला, होलसेलवाल्याशी भांडून आलो. शेवटी उत्तर दिलं सकाळी झाडलोट करायला येणाऱ्या मावशींनी. "ओ दादा, सकाळच्याला काच कोमट लागत्या की."

मी जायचो दुकान बंद करता करता, संध्याकाळी सातला. तोपर्यंत एसी नऊ तास चाललेला असायचा. साडेआठला क्लिनिक बंद, एसी बंद, वर तापलेला स्लॅब, खिडक्या बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जाऊन थर्मामीटर टाकला, ३१.५. म्हणजे माझे कोरल रोज साडेचार अंशांचा झोका खात होते आणि मी रोज झोक्याचं एकच टोक मोजत होतो.

चिलर लागणार हे उघड होतं. कोटेशनमध्ये तो नव्हता, तेव्हा पैसे मागायला तोंड नव्हतं. खिशातून बसवला. मासे, कोरल, सॉल्ट धरून त्या ऑर्डरमध्ये सव्वीस हजार गेले. वडिलांनी वही बघितली आणि काही न बोलता चहा सांगितला. ते जास्त लागलं.

आता मुद्द्यावर येतो. गिऱ्हाईक काच, लाइट आणि मासे बघतं. तुम्ही कोटेशन लावताना मात्र एक वेगळी वस्तू विकताय: रोज सकाळ-संध्याकाळ, मे असो की जुलै, तेच तापमान, तीच क्षारता. कोरल समुद्रातून आलाय, आणि तिथे तापमान एका दिवसात पाच अंश हलत नाही. तो स्थिरपणा ठेवायला काय खर्च येतो, ते कोटेशनमध्ये धरलं नाही तर तो खर्च तुमचा.

पाण्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे काही जण रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणतात. मीही आणलंय, टेम्पोत, आंबा घाटातून. पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याची क्षारता उतरते, बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो, आणि दर खेपेला पाणी वेगळं. म्हणून आता फक्त आरओ-डीआय पाणी आणि रीफ सॉल्ट. घरच्या आरओवर भागत नाही बरं का. त्यात बऱ्याचदा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आपल्याला टीडीएस शून्य पाहिजे, नाहीतर महिन्याभरात दगडावर शेवाळाची गोधडी. सॉल्ट कंपनीप्रमाणे लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या स्टँडर्ड द्रावणावर जुळवून घ्या. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर बुडबुडा बसला की आकडा चुकलाच.

नवीन लोक हमखास चुकतात ते टॉप-अपला. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. एप्रिलमध्ये या साइजच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर सहज उडतं. चार दिवस कुणी बघितलं नाही तर आठ लिटर गेले, आणि ३५ ची क्षारता ३७.७ झाली. क्लिनिकला लागून सुट्ट्या आल्या की हे होतंच. ऑटो टॉप-अप ही चैन समजू नका, ते कोटेशनमध्येच घाला.

विजेचा हिशोब गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा. या टाकीला पंप, पॉवरहेड, स्किमर मिळून ४० वॅट चोवीस तास, ६० वॅटचा लाइट आठ तास, आणि उन्हाळ्यात १५० वॅटचा चिलर दहा तास धरा. दिवसाला तीन युनिटच्या जरा आत, महिन्याला ८८ च्या आसपास. हे नंतर बिल बघून कळलं तर तो चिलर बंद करतो, आणि फोन तुम्हाला येतो. आणि जुलैतल्या एखाद्या रात्री लाइट जाणार आहे, हे गृहीत धरूनच चला. पाणी हलायचं थांबलं की ऑक्सिजन उतरायला लागतो. अख्खी टाकी इन्व्हर्टरवर घेण्याची गरज नाही, १० वॅटचं पॉवरहेड तेवढं घ्या. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप.

डोसिंग पंप, कॅल्शियम रिॲक्टर वगैरे बघून घाबरू नका आणि लगेच घेऊही नका. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ, अल्कलिनिटी ८ ते ९. फक्त सॉफ्ट कोरल असतील तर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की एवढं राहतं.

फक्त सॉफ्ट कोरल का, हे आता नीट वाचा. व्हिडिओत मी हे घाईत बोललो होतो.

सांगाडा बनवणारे सगळे कठीण कोरल, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गट, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल, सी फॅन हेसुद्धा, आणि समुद्री घोडेही. पहिली अनुसूची म्हणजे ज्यात वाघ आहे ती. जिवंत असो की मेलेलं, फरक पडत नाही. बाजारात "लाइव्ह रॉक" किंवा पांढरा शोभेचा दगड म्हणून जे मिळतं, ते बरेचदा कोरलचा सांगाडाच असतो. माझ्याकडेही एकदा एक जण आला होता, "मालवणचा माल आहे, स्वस्तात देतो" म्हणून. मालवणच्या समुद्रात खरोखर कोरल आहेत, आणि म्हणूनच तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्या माणसाला मी चहाही पाजला नाही. एका टाकीच्या कमाईसाठी दुकान आणि जामीन पणाला लावू नका. दगड सिरॅमिक किंवा सिमेंटचे घ्या. बॅक्टेरियांना बसायला भोकं हवीत, त्यांना वंशावळ लागत नाही.

परदेशातून आलेला जीव असेल तर आयातीची कागदपत्रं मागा आणि झेरॉक्स फाइलला लावा. सप्लायर "कागद काय करायचेत" म्हणाला तर सप्लायर बदला.

क्लाउनफिश मात्र हॅचरीचे मिळतात. सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेनं त्यांचं प्रजनन आपल्याच देशात यशस्वी केलेलं आहे. हॅचरीत जन्मलेली जोडी जरा महाग पडते, पण ती दाणे खाते आणि टाकीत टिकते. समुद्रातून पकडलेला मासा अनेकदा तोंडच उघडत नाही.

आता पैसे कुठे आहेत ते. टाकी एकदाच विकली जाते. दर महिन्याची रक्कम देखभालीतून येते, आणि मी तिथेही आधी मार खाल्ला. पहिल्या वर्षी महिन्याच्या चार भेटींना १,२०० रुपये घेत होतो. एका भेटीत बारा लिटर पाणी बदलायचं, म्हणजे महिन्याला १.७ किलो सॉल्ट. वर टेस्ट किटचं रिएजंट, पेट्रोल, आणि दर भेटीला सवा तास. स्वतःच्या वेळेचा एक रुपया न धरताही जेमतेम भागायचं. आज मी ३,५०० घेतो, सॉल्ट आणि टेस्ट त्यातच. "फार होतात" म्हणणाऱ्याला मी गोड्या पाण्याची प्लांटेड टाकी सुचवतो, मनापासून. ज्याला देखभाल नको त्याला रीफ टाकी विकली की सहा महिन्यांनी तो गावभर तुमचंच नाव सांगतो.

आणि स्वतःच्या घरी एक टाकी वर्षभर चालवल्याशिवाय दुसऱ्याची घेऊ नका. उन्हाळा, पावसाळा आणि तुम्ही चार दिवस लग्नाला गावी गेलात तो आठवडा, एवढं त्या टाकीनं बघितलेलं असावं.

डॉक्टरांची टाकी अजून चालू आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आता मी कोटेशन लगेच देत नाही. जिथे टाकी ठेवायची, तिथे आधी वीस लिटरची पाण्याची बादली नेऊन ठेवतो आणि त्यात किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर सोडतो, सात दिवस. लोक हसतात, "ॲक्वेरियमवाला बादली ठेवून गेला." बादली टाकीपेक्षा लवकर तापते-निवते, त्यामुळे आकडा थोडा जास्त येतो, तेवढं समजून घ्या. पण एसीची वेळ, दुपारचं ऊन, रात्रीची बंद खोली, सगळं त्यात उतरतं.

या आठवड्याचा गृहपाठ हाच. घरातली टाकीची जागा ठरवा, बादली ठेवा, सात दिवस रोज सकाळी आणि रात्री आकडे वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरून चिलर लागेल की नुसता पंखा चालेल ते काढू, वही घेऊनच बसा.