विश्लेषण : क्रेटा डिझेल की ग्रँड विटारा हायब्रिड? मायलेजचा हिशेब नेमका कुणाला परवडतो?

हडपसरला घर, हिंजवडीला नोकरी आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला गावी फेरी. पुण्यातल्या हजारो कुटुंबांचे वेळापत्रक साधारण असेच असते. गाडी बदलायची वेळ आली की अशा घरात दोन नावे हमखास निघतात : ह्युंदाई क्रेटा आणि मारुती सुझुकी ग्रँड विटारा. शोरूममध्ये पेट्रोलची किंमत विचारून सुरुवात होते आणि ‘मायलेज पाहा, पैसे वसूल होतात’ या एका वाक्यावर डिझेल किंवा हायब्रिडचे बुकिंग होते. त्यासाठी दोन ते तीन लाख रुपये जास्त जातात. ते खरेच वसूल होतात का, किती किलोमीटरनंतर होतात, याचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही.

तुलना या दोन गाड्यांचीच का?

आकाराने दोन्ही गाड्या जवळपास सारख्या आहेत. क्रेटाची लांबी ४,३३० मिमी, तर ग्रँड विटाराची ४,३४५ मिमी. चाकांमधील अंतर अनुक्रमे २,६१० आणि २,६०० मिमी. क्रेटा भारतात २०१५ मध्ये आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिला नवे रूप मिळाले. ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी बदलानंतर दोन्हींची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत पावणेअकरा लाखांच्या आसपास आली.

फरक आहे तो इंधन वाचवण्याच्या वाटेत. क्रेटामध्ये १.५ लीटरचे डिझेल इंजिन मिळते. ग्रँड विटारात डिझेल नाही. तिथे टोयोटाचे तंत्रज्ञान असलेले ‘स्ट्राँग हायब्रिड’ मिळते. याच गाडीचे टोयोटाचे भावंड म्हणजे हायरायडर. त्यामुळे हायब्रिडचा पुढचा हिशेब थोड्याफार फरकाने तिलाही लागू होतो.

हायब्रिड म्हणजे नेमके काय?

इथेच पहिली गफलत होते. ग्रँड विटाराच्या साध्या पेट्रोल गाडीलाही कंपनी ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणते. त्यात छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, पण ती एकटी गाडी ढकलू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिड वेगळे. त्यात तीन सिलिंडरचे १.५ लीटर पेट्रोल इंजिन आणि चाके फिरवू शकणारी इलेक्ट्रिक मोटर असते. दोन्हींची एकत्रित ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती आहे.

सिग्नलवर किंवा रांगेत सरकताना इंजिन बंद राहते आणि गाडी बॅटरीवर चालते. ब्रेक दाबला की एरवी वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जमा होते. त्यामुळे ही गाडी चार्जिंगला लावावी लागत नाही. स्ट्राँग हायब्रिडचे प्रमाणित मायलेज २७.९७ किमी प्रतिलीटर आहे. हा आकडा ‘स्मार्ट’ नव्हे, ‘स्ट्राँग’ हायब्रिडचा आहे, हे कोटेशनवर सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

मग डिझेलचे बळ कशात?

क्रेटाचे डिझेल इंजिन ११६ अश्वशक्तीचे आहे, म्हणजे आकड्यात हायब्रिडइतकेच. पण त्याचा २५० न्यूटन मीटर टॉर्क कमी आरपीएमवरच मिळतो. पाच माणसे, भरलेली डिकी, एसी सुरू आणि समोर खंबाटकी किंवा वरंध घाट. अशा वेळी डिझेल कुरकुर न करता चढते. हायब्रिडही घाट चढते, मात्र ॲक्सिलरेटर खोल दाबला की इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग त्या मानाने सावकाश वाढतो. क्रेटा डिझेलचे प्रमाणित मायलेज मॅन्युअलला २१.८, तर ऑटोमॅटिकला १९.१ किमी आहे.

डिझेलची एक अडचण विक्रेते क्वचितच सांगतात. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा ‘डीपीएफ’ नावाचा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज तीन-चार किमी शाळा, भाजी, बँक एवढीच फेरी असेल तर फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

करात कुणाला झुकते माप?

२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी क्रेटासारख्या गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून ४५ टक्के, तर हायब्रिडवर ४३ टक्के कर होता. आता दोन्हींवर सरसकट ४० टक्के आहे. म्हणजे गाड्या स्वस्त झाल्या, पण हायब्रिडला असलेली दोन टक्क्यांची सवलत संपली.

महाराष्ट्राच्या आरटीओ करात मात्र डिझेल महाग पडते. १० ते २० लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला १२ टक्के, तर डिझेलला १४ टक्के कर आहे. हायब्रिड पेट्रोलच्याच रांगेत बसते. १७ लाखांच्या गाडीवर हा दोन टक्क्यांचा फरक ३४ हजार रुपयांचा होतो.

जादा पैसे किती किलोमीटरनंतर वसूल होतात?

हिशेब सोपा राहावा म्हणून गोल आकडे धरू. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० रुपये लीटर. मायलेज कागदावरचे न धरता रस्त्यावर मिळू शकेल असे कमी धरलेले.

आधी क्रेटा. पेट्रोल १४ लाख आणि तशीच डिझेल १५.५ लाख एक्स-शोरूम धरली तर आरटीओ करासह फरक होतो सुमारे दोन लाख. मिश्र वापरात पेट्रोलने १२ आणि डिझेलने १६ किमी दिले तर प्रतिकिमी खर्च ८.६७ आणि ५.६३ रुपये येतो. किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात. दोन लाख वसूल व्हायला सुमारे ६५ हजार किमी लागतात. महिन्याला २,००० किमी फिरणाऱ्याला ही पावणेतीन वर्षांची गोष्ट आहे. ८०० किमी फिरणाऱ्याला पावणेसात वर्षांची.

आता ग्रँड विटारा. पेट्रोल ऑटोमॅटिक १४ लाख आणि स्ट्राँग हायब्रिड १६.६ लाख धरली तर करासह फरक २.९१ लाख. इथे रस्ता कोणता, यावर सगळे ठरते.

शहराच्या कोंडीत पेट्रोल ऑटोमॅटिकने १० आणि हायब्रिडने २२ किमी दिले, तर किलोमीटरमागे ५.६७ रुपये वाचतात. फरक सुमारे ५१ हजार किमीत भरून निघतो.

मोकळ्या महामार्गावर पेट्रोलने १७ आणि हायब्रिडने २० किमी दिले, तर वाचतात जेमतेम ९२ पैसे. मग तोच फरक भरून निघायला तीन लाख किमीहून जास्त अंतर लागते. तेवढी गाडी एका मालकाकडे सहसा चालतच नाही.

यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. हा वाढीव भाग ९ टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जातून घेतला तर तो जवळजवळ सव्वा पट होतो. वसुलीचे किलोमीटरही त्याच प्रमाणात पुढे सरकतात.

या दोघींतच निवडायची झाल्यास?

क्रेटाची डिझेल ऑटोमॅटिक आणि ग्रँड विटाराची हायब्रिड यांची किंमत साधारण एकाच टप्प्यात येते. हायब्रिड ऑटोमॅटिकच असल्याने तुलनाही ऑटोमॅटिकशीच करायला हवी.

शहरात डिझेल ऑटोमॅटिकने १२ किमी दिले तर किलोमीटरला साडेसात रुपये लागतात, हायब्रिडला ४.७३ रुपये. महिन्याला १,००० किमी शहरात फिरले तर हायब्रिड सुमारे २,७७० रुपये वाचवते. महामार्गावर डिझेलने १८ आणि हायब्रिडने २० किमी दिले, तर खर्च पाच आणि ५.२० रुपये, म्हणजे बरोबरीच. तिथे मग पैशांपेक्षा घाटातली ताकद आणि ओव्हरटेक करतानाचा विश्वास महत्त्वाचा ठरतो. त्यात डिझेल पुढे आहे.

डिकी आणि मागच्या सीटचे काय?

गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबासाठी हा प्रश्न मायलेजइतकाच मोठा आहे. क्रेटाची डिकी ४३३ लीटरची आहे. ग्रँड विटाराच्या साध्या पेट्रोलमध्ये ती ३७३ लीटर मिळते. हायब्रिडमध्ये मागे बॅटरी असल्याने जागा अडीचशे लीटरच्या आसपास उरते. दोन मोठ्या बॅगा आडव्या टाकल्या की ती संपली. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातली सर्वांत मोठी बॅग सोबत न्यावी आणि आजी-आजोबांना मागे बसवून पाहावे. चढ-उतार करताना गुडघ्यांना काय वाटते, हे माहितीपत्रकात छापलेले नसते.

सुरक्षिततेत फरक आहे का?

दोन्ही गाड्यांत आता सर्व व्हेरियंटना सहा एअरबॅग आहेत; ग्रँड विटारात त्या एप्रिल २०२५ पासून मिळू लागल्या. क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटमध्ये लेव्हल २ एडीएएस मिळते. म्हणजे समोर धडक होण्याची शक्यता दिसल्यास गाडी इशारा देते आणि स्वतः ब्रेकही लावते. ग्रँड विटाराच्या २०२५ च्या मॉडेलमध्ये ही सोय नव्हती. उलट पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर उपयोगी पडणारी चारचाकी ओढ, म्हणजे ‘ऑलग्रिप’, ग्रँड विटारातच मिळते. पण ती साध्या पेट्रोलमध्ये, हायब्रिडमध्ये नाही.

जुन्या क्रेटाला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळाले होते. ते दोन एअरबॅगच्या गाडीचे होते, आजच्या गाडीला ते तसेच लावता येत नाहीत. घ्यायच्या नेमक्या मॉडेलचे भारत एनकॅप रेटिंग आहे का, हे बुकिंगच्या दिवशी तपासावे.

पुढे विकताना कोणती अडचण येऊ शकते?

दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बंदीचा विषय कित्येक वर्षे न्यायालयात गाजतो आहे. महाराष्ट्रात असा नियम नाही. मात्र जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयातील हवा प्रदूषणाच्या सुनावणीनंतर मुंबई महानगर क्षेत्रात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी शक्य आहे का, हे अभ्यासण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली. १० वर्षे गाडी ठेवणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या खरेदीदाराने ही शक्यता ध्यानात ठेवलेली बरी.

हायब्रिडबाबत धास्ती असते ती बॅटरीची. तिला आठ वर्षे किंवा १.६० लाख किमी, यापैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. जुनी हायब्रिड घेताना किंवा विकताना या वॉरंटीची किती वर्षे उरली, यावर भाव ठरू शकतो.

बुकिंगपूर्वी काय तपासावे?

- कोटेशन नेहमी ऑन-रोड किमतीचे आणि लेखी घ्यावे. तुलना एकाच दर्जाच्या व्हेरियंटची करावी. सनरूफ असलेल्या गाडीची बिनसनरूफच्या गाडीशी नको.
- विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरून भाव काढल्यास अनेकदा काही हजार वाचतात.
- ‘हँडलिंग चार्जेस’ हा कोणताही सरकारी कर नाही. तो बिलात दिसल्यास कारण विचारावे.
- १० लाखांवरील गाडीवर एक टक्का टीसीएस कापला जातो. आयकर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. पावती जपून ठेवावी.
- गेल्या तीन महिन्यांतील सध्याच्या गाडीचे मीटर पाहून महिन्याचे खरे किलोमीटर काढावेत. अंदाजाने सांगितलेला आकडा बहुतेक वेळा जास्तच असतो.

मग कुणी काय घ्यावे?

महिन्याचे किलोमीटर १,५०० च्या वर आणि त्यातले बहुतेक महामार्गावर, घाटात, भरल्या गाडीने होत असतील तर क्रेटा डिझेल. रोज कोंडीत तास-दीड तास जात असेल आणि डिकीची अडचण चालणार असेल तर ग्रँड विटारा हायब्रिड. महिन्याला ८०० किमीच्या आत फिरणाऱ्यांनी दोन्हींच्या साध्या पेट्रोलचा विचार आधी करावा. वाचलेले दोन-तीन लाख कर्ज कमी करायला वापरले तर फायदा पहिल्या हप्त्यापासून दिसतो.

हडपसरच्या कुटुंबाकडे परत येऊ. रोज हिंजवडीला गाडीनेच जायचे तर महिन्याला शहरातले ११५० किमी होतात आणि हायब्रिडचा फरक पावणेचार वर्षांत, व्याज धरून पावणेपाच वर्षांत भरून निघतो. पण ऑफिसने आठवड्यातून दोनच दिवस बोलावले तर तोच फरक भरायला व्याज न धरताही नऊ वर्षे लागतात. गाडी तीच, रस्ता तोच. म्हणून शोरूमला जाण्याआधी पुढची पाच वर्षे गाडी रोज कुठे आणि किती जाणार, हे घरात बसून कागदावर लिहावे. कोणती गाडी घ्यायची, याचे निम्मे उत्तर त्याच कागदावर मिळते.