चाकरीचे वतन

राज्यकर्त्याची तिजोरी रिकामी झाली की तो सेवकाला वेतनाऐवजी अधिकार देऊ लागतो. खर्चलेले द्रव्य पुन्हा मिळविता येते. दिलेला अधिकार मात्र सहसा परत येत नाही. मध्ययुगाच्या अखेरीस पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे मुख्यतः जर्मन भूमीवर, याचा जो प्रत्यय आला त्याचे परिणाम पाच शतके टिकले. त्या घटनाक्रमाचा नायक होता न्यूरेंबर्गचा बर्गग्राफ, म्हणजे तेथील वंशपरंपरागत किल्लेदार, सहावा फ्रेडरिक.

१३७१ मध्ये जन्मलेला हा सरदार होहेनझोलर्न घराण्यातला. घराणे प्रतिष्ठित खरे, पण पहिल्या पंक्तीचे नव्हे. १३५६ च्या सुवर्णमुद्रांकित फर्मानाने राजा निवडण्याचा हक्क तीन आर्चबिशप आणि चार ऐहिक सत्ताधीश अशा सात जणांपुरता सीमित केला होता. त्या सातांत न्यूरेंबर्गच्या किल्लेदाराला स्थान नव्हते. पित्याच्या प्रदेशाची भावाभावांत वाटणी झाल्यावर फ्रेडरिकच्या वाट्याला आन्सबाखचा मर्यादित मुलूख आला. अशा वेळी त्याने हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याची सेवा पत्करली.

सिगिस्मुंडाच्या आकांक्षा अमर्याद होत्या आणि द्रव्यबळ तोकडे होते. त्याचा पिता चौथा कार्ल याने १३७३ मध्ये पाच लाख गुल्डेन मोजून ब्रांडेनबर्ग मिळविले होते. हा प्रांत वालुकामय आणि दरिद्री. परंतु त्याच्या अधिपतीला निवडणुकीत मत होते. पुत्राने १३८८ मध्ये तोच प्रांत चुलतभाऊ योब्स्ट याच्याकडे गहाण टाकला! १४१० मध्ये राजाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा ब्रांडेनबर्गचे मत नेमके कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. २० सप्टेंबर रोजी फ्रँकफुर्ट येथे फ्रेडरिकने ते मत सिगिस्मुंडाच्या वतीने आणि सिगिस्मुंडासाठीच नोंदविले. प्रतिपक्षाने अकरा दिवसांनी योब्स्टला निवडले. पुढच्याच जानेवारीत योब्स्ट निधन पावला आणि १४११ च्या जुलैत पुन्हा निवड होऊन सिगिस्मुंडाचा मार्ग निष्कंटक झाला.

त्याच महिन्यात राजाने फ्रेडरिकला ब्रांडेनबर्गचा सर्वाधिकारी कारभारी नेमले. सनदेत अट अशी की, प्रांत परत घ्यावयाचा झाल्यास राजाने त्याला एक लाख सुवर्ण गुल्डेन द्यावेत. फ्रेडरिकने प्रांत विकत घेतला, अशी समजूत पुढे रूढ झाली; पण ही रक्कम राजाला मोजून दिलेली किंमत नव्हती. सेवेचा मोबदला आणि कारभाराचा खर्च यांची ती हमी होती.

नेमणूक झाली, तरी अंमल बसावयाचा होता. दीर्घकाळच्या धन्याविना प्रांतात क्विट्झोव्ह बंधूंसारखे गढीवाले सरदार स्वतःच राजे झाले होते. लुटालूट हा त्यांचा नित्यक्रम होता. १४१२ मध्ये आलेल्या या ‘परक्या’ कारभाऱ्याला त्यांनी जुमानले नाही. फ्रेडरिकने शेजारच्या सत्ताधीशांशी संधान बांधले आणि १४१४ मध्ये अवजड तोफा लावून फ्रीझाक व प्लाउए येथील गढ्या घेतल्या. भिंतीच्या जाडीवर विसंबलेली सरदारशाही तोफेपुढे टिकली नाही. शहरांना आणि खेड्यांना लुटारूंपासून दिलासा मिळाला.

३० एप्रिल १४१५ रोजी कॉन्स्टान्सच्या धर्मपरिषदेच्या काळात सिगिस्मुंडाने त्याला ब्रांडेनबर्गचे अधिपत्य आणि निवडणुकीचा हक्क वंशपरंपरेने दिला. १८ एप्रिल १४१७ रोजी त्याच नगरात त्याचा समारंभपूर्वक स्वीकारविधी झाला. प्रांत परत घेण्याचा हक्क राजाने राखला होता खरा, पण त्यासाठीची रक्कम आता चार लाखांवर गेली होती. एक लाखाचीच जिथे वानवा, तिथे चार लाख कोठून येणार? चाकरीचे वतन झाले ते असे.

वतन हाती येताच सेवकाची दृष्टीही बदलली. १४२१ मध्ये फ्रेडरिकने आपल्या पुत्राचा वाङ्निश्चय पोलंडच्या राजकन्येशी ठरविला. सिगिस्मुंडाला तो द्रोह वाटला. फ्रेडरिकच्या दृष्टीने ते घराण्याचे हित होते. पुढे हुस्साइटांविरुद्धच्या मोहिमांत त्याने सेनापतित्व केले, तरी पूर्वीचा विश्वास परतला नाही. १४२६ मध्ये त्याने ब्रांडेनबर्गचा कारभार पुत्र योहानकडे सोपविला. दुसऱ्याच वर्षी न्यूरेंबर्गचा आपला जळालेला गड त्याने त्या नगरालाच विकून टाकला. ज्या किल्लेदारीने घराण्याला नाव दिले, तिची आता गरज उरली नव्हती. १४४० मध्ये काडोल्सबुर्ग येथे त्याचे निधन झाले. त्याचे वंशज १७०१ मध्ये प्रशियात राजे झाले, १८७१ मध्ये जर्मनीचे सम्राट झाले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये पदच्युत झाले.

फ्रेडरिक कर्तबगार होता, यात संशय नाही. धन्याने टाकून दिलेल्या प्रांतात त्याने सुव्यवस्था आणली, आणि त्याच्या हक्काचा खरा आधार सनदेपेक्षा ती सुव्यवस्थाच होती. परंतु सिगिस्मुंडाचा व्यवहार विसरून चालणार नाही. प्रजेच्या रक्षणासाठी असलेले पद त्याने आपल्या गरजेपायी प्रथम गहाण टाकले आणि मग देऊन टाकले. दोन्ही वेळी ब्रांडेनबर्गच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. त्याला चांगला धनी लाभला, हा योगायोग. असा योगायोग प्रत्येक पिढीत घडेल, ही हमी मात्र कोणत्याही सनदेत नव्हती.